थोर वादक आणि नगरींतील वाद्यवृंद

दरवर्षीं संमेलन आटोपून पाहुणेमंडळी परतूं लागली, म्हणजे एखाद-दुसरे पालक आम्हांस बाजूस घेऊन एक प्रश्न हमखास विचारतात. शेजारीं चिरंजीव व्हायोलिनची पेटी सांवरीत उभे असतात. "मास्तर, हा रोज तासभर गज ओढीत बसतो. शेजारीपाजारी हैराण झाले. पण ह्याचा पुढें उपयोग काय? हा कांहीं जगप्रसिद्ध वादक व्हावयाचा नाहीं." प्रश्न रास्त आहे. चिरंजीव जगप्रसिद्ध होणार नाहींत, हें आम्हांसही बहुधा मान्य असतें. परंतु ह्याचें उत्तर दारांत उभ्याउभ्या देण्याजोगें नाहीं, म्हणून यंदाच्या अंकांत तें जरा सविस्तर लिहावें असें आम्हीं ठरविलें. त्यासाठीं मुंबईंत घडलेली एक गोष्ट आधारास घेतों.

१९५२ सालीं पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या निमंत्रणावरून यहुदी मेनुहिन हे व्हायोलिनवादक भारतांत आले. त्यांच्या जलशांचें उत्पन्न साहाय्यनिधीस द्यावयाचें होतें. मेनुहिन यांचें नांव त्या काळीं युरोप-अमेरिकेंत घरोघर ठाऊक होतें. त्यांच्याबरोबर मुंबईंत वाजवावयास बसला तो मेहली मेहता यांनीं उभारलेला 'बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा'. ह्या वृंदांतील मंडळी बर्लिन-लंडनच्या वादकांसारखी पूर्णवेळ सिंफनी वाजविणारी नव्हती. कोणी दिवसा नोकरी करी, कोणी रात्रीं हॉटेलांतील नाचाच्या बँडांत वाजवी, कोणी चित्रपटांच्या स्टुडिओंत पोट भरी. अशा मंडळींच्या पुढें उभें राहून जगांतल्या पहिल्या प्रतीच्या वादकानें वाजवावें, ह्यांत दोन्ही पक्षांस काय करावें लागतें, तें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम वाद्याविषयीं थोडें. व्हायोलिन हें सुमारें सत्तर तुकडे जोडून केलेलें लाकडी वाद्य असून त्यास चार तारा असतात. घोडीवरून तारांचा कंप पोटांत उतरतो. पोटांत एक लहानशी उभी काडी बसविलेली असते. ती जरा सरकली तर वाद्याचा सारा आवाज बिघडतो, म्हणून इटालियन व फ्रेंच लोक त्या काडीस 'आत्मा' म्हणतात. गजास घोड्याचे केंस लावून वर राळ घांसतात. बोटें ठेवण्यास सतारीसारखे पडदे नाहींत. बोट केंसभर चुकलें कीं स्वर चुकला! हेंच वाद्य आपल्या रागदारीनेंही आपलेंसें केलें. दक्षिणेंत तें सुमारें दोनशें वर्षांपासून संगतीस आहे, आणि महाराष्ट्रांत गजाननबुवा जोशी यांच्यासारख्या गवयानें तें ख्यालगायनाच्या अंगानें वाजवून दाखविलें.

संगत हा शब्द येथें मुद्दाम वापरला. आपल्याकडे गवई पुढें जातो आणि तबलजी, सारंगीवाला, पेटीवाला त्याच्या मागोमाग जातात. गवयानें वाटेल तेथें थांबावें, वाटेल ती तान घ्यावी. संगतकारानें कान लावून त्यास सांवरावें. पाश्चात्य 'कॉन्चेर्टो' हा प्रकार निराळा. ह्यांत एक वादक आणि त्याच्यासमोर चाळीस, पन्नास किंवा त्याहूनही अधिक वादकांचा वृंद असतो, आणि दोघांचेंही प्रत्येक स्वराचें काम रचनाकारानें आधींच कागदावर लिहून ठेवलेलें असतें. वृंद नुसता मागें चालत नाहीं. तो प्रश्न करतो, उत्तर देतो, कधीं वादकास अडवितो, कधीं त्यास वाट करून देऊन आपण गप्प बसतो. सुमारें तीन भागांची ही रचना वाजावयास अर्धा-पाऊण तास लागतो.

उदाहरणादाखल बीथोव्हेन यांचा व्हायोलिन कॉन्चेर्टो घ्या. तो १८०६ सालच्या डिसेंबरच्या २३ तारखेस व्हिएन्ना येथें फ्रान्झ क्लेमेंट यांनीं प्रथम वाजविला. पुढें तो बराच काळ मागें पडला आणि १८४४ सालीं लंडनमध्यें योआखिम नांवाच्या बारा वर्षांच्या मुलानें, मेंडेल्सन यांच्या संचालनाखालीं, त्यास नवें आयुष्य दिलें. त्याची सुरुवात व्हायोलिननें होत नाहीं, नगाऱ्यानें होते. हलके हलके चार ठोके, आणि पांचव्या ठोक्यावर फुंकवाद्यें स्वर धरतात. सारा आरंभ त्या एका नगारेवाल्याच्या मनगटावर! ठोके किंचित् मागेंपुढें झाले तर पुढील पाऊण तासाची चाल तेथेंच बिघडते. आणि तो थोर वादक? तो सुमारें तीन मिनिटें हातांत व्हायोलिन धरून नुसता उभा असतो. श्रोते त्यास पाहण्यासाठीं आलेले, आणि ऐकूं येतो तो वृंद. ह्या तीन मिनिटांत वृंद आपली सारी इभ्रत पणाला लावून बसलेला असतो. मग वादक येतो, तोही गर्जना करीत नव्हे, तर खालून वर एकेक पायरी चढल्यासारखा, एकटा.

येथपासून वृंदाचें खरें अवघड काम सुरू होतें. व्हायोलिन एक, त्याचा आवाज तो केवढा! समोरच्या पन्नास जणांनीं मनांत आणलें तर एका क्षणांत त्यास बुडवितील. म्हणून सर्वांनीं हळू वाजवावयाचें. आणि हळू वाजविणें हें मोठ्यानें वाजविण्याहून कठीण आहे, ही गोष्ट ज्यानें हातीं गज धरला नाहीं त्यास पटत नाहीं. गज हळू ओढतांना तो थरथरतो, स्वर फाटतो. फुंकवाद्याची फुंक कमी केली कीं स्वर उतरतो. दुसऱ्या भागांत तर बीथोव्हेन तंतुवाद्यांच्या घोडीवर आवाज दाबणारा चिमटा लावावयास सांगतो, म्हणजे कुजबुजीएवढाच आवाज उरतो. त्या कुजबुजींत वीस-तीस गज एकाच दिशेनें, एकाच वेगानें चालावे लागतात. मग कोठलाही विसावा न घेतां तिसरा भाग सुरू होतो, आणि तेथें नाचाची धांवती लय पाहिजे.

धांवत्या लयीचा धोका आम्हांस घरचाच आहे. एका संमेलनांत आमच्या मुलांनीं तीन व्हायोलिनें व एक पेटी मिळून एक साधी धून वाजविली. तालमींत ती चार मिनिटें चाले. रंगमंचावर ती अडीच मिनिटांत संपली. टाळ्या पडल्या खऱ्या, पण पेटीवाला शेवटच्या ओळीपर्यंत पोंचलाच नव्हता. भीति वाटली कीं माणूस हळू होतो असा समज आहे. वादकांच्या बाबतींत तो खोटा. भ्यालेला वादक पळत सुटतो. पोट भरण्यासाठीं रोज सिंफनी वाजविणाऱ्यांस ही भीति सरावानें विसरतां येते. वर्षांतून चार-दोन जलसे करणाऱ्या मंडळींस ती प्रत्येक वेळीं नव्यानें जिंकावी लागते.

आणखी एक जागा आहे, ती आम्हांस फार आवडते. पहिल्या भागाच्या अखेरीस वृंद एकदम थांबतो आणि वादक एकटाच आपलें सारें कसब दाखवितो. ह्यास 'कादेन्झा' म्हणतात. बीथोव्हेन यांनीं व्हायोलिनसाठीं ही जागा लिहिली नाहीं, ती मोकळी सोडली. योआखिम, क्राइस्लर इत्यादि वादकांनीं पुढें आपापली कादेन्झा लिहिली. ह्या वेळीं वृंदांतल्या सर्वांनीं करावयाचें काय? ऐकावयाचें. वादक एका लांब कंपित स्वरावर येऊन पोंचतो, ती खूण. त्या खुणेस सर्वांनीं एका श्वासांत पुनः आंत यावयाचें. दुसऱ्याच्या वैभवांत आपलें गणित मोजीत बसलेल्या त्या शेवटच्या रांगेंतल्या वादकाकडे श्रोत्यांपैकीं कोणाचेंही लक्ष नसतें. त्याचें मात्र सर्वांकडे असतें.

आतां मुंबईकडे वळूं. मेहली मेहता यांचा जन्म १९०८ सालीं मुंबईंतील एका पारशी कुटुंबांत झाला. व्हायोलिन ते बरेचसे स्वतःच्या बळावर शिकले. १९३५ सालीं त्यांनीं 'बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा' स्थापिला. प्रथम ते त्याचे अग्रवादक होते व मागाहून संचालक झाले. वृंदांत माणसें आणावयाचीं कोठून, हा पहिला प्रश्न. व्हायोलिनें मिळालीं तीं मुख्यतः गोमंतकीयांकडून. गोव्यांतील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांस अक्षरांबरोबर स्वरलिपि वाचावयास व व्हायोलिन धरावयास शिकवीत. प्रार्थनेच्या संगीतास वादक हवे असत. तीं मुलें मोठीं होऊन पोटासाठीं मुंबईस आलीं, धोबीतलावच्या बाजूस आपापल्या गांवच्या 'कुडांत', म्हणजे गांवकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडांत, राहिलीं आणि जेथें वाद्य वाजवून पैसा मिळेल तेथें गेलीं. खेड्यांतल्या चर्चमध्यें कोण्या मास्तरनें पट्टी घेऊन शिकविलेली स्वरलिपि अशा रीतीनें बीथोव्हेनच्या कामीं आली. त्या मास्तरांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत. आमच्या व्यवसायाचा तो रिवाजच आहे.

तंतुवाद्यांची सोय अशी झाली, पण फुंकवाद्यांची पंचाईत. ओबो, बासून, फ्रेंच हॉर्न हीं वाद्यें हौसेनें शिकणारा आपल्याकडे विरळा; तीं महाग, आणि शिकविणारा मिळत नाहीं. त्यासाठीं नौदलाच्या बँडांतील शिपाईवादक मदतीस येत. शिवाय युरोपांतून परागंदा झालेली कांहीं ज्यू मंडळी त्या काळीं मुंबईंत होती. त्यांपैकीं वॉल्टर कौफमन हे १९३४ सालीं आले व पुढें आकाशवाणीवर पाश्चात्य संगीताचें काम पाहूं लागले. आकाशवाणीची सकाळची परिचयाची धून त्यांची मानली जाते आणि तींतील व्हायोलिन मेहतांचें. पारशी, गोमंतकीय ख्रिस्ती, ज्यू निर्वासित, नौदलाचे शिपाई: असा हा मेळा. बोली सर्वांची वेगळी, कागद मात्र एक.

मेहतांचें आम्हांस विशेष वाटतें तें पुढेंच. १९४५ सालीं, वृंद दहा वर्षांचा झाला असतां, आपलें वादन कच्चें आहे असें त्यांस वाटलें. वय सदतीस, घरीं पत्नी व दोन लहान मुलगे. अशा वेळीं ते न्यूयॉर्कला गेले आणि इव्हान गॅलामियन ह्या प्रख्यात शिक्षकापुढें विद्यार्थी होऊन बसले. कांहीं वर्षांनीं ते परत आले तेव्हां वृंद त्यांची वाट पाहत होता. मुंबईचा पहिला व्हायोलिनवादक म्हणून ज्यास लोक मानीत, त्यानें गज कसा धरावा येथपासून धडे घ्यावे, ह्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं आहे असें त्यास वाटलें नाहीं. आमच्या वर्गांतल्या पुष्कळांस एकाच इयत्तेंत दुसऱ्यांदा बसणें जड जातें, म्हणून ही गोष्ट लिहिली.

मेनुहिन यांची वाट अगदीं उलट होती. १९१६ सालीं न्यूयॉर्क येथें जन्मलेला हा मुलगा सातव्या-आठव्या वर्षीं श्रोत्यांपुढें उभा राहिला, आणि १९२७ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें वर सांगितलेला बीथोव्हेनचाच कॉन्चेर्टो त्यानें वाजविला. संचालक फ्रिट्झ बुश हे आधीं राजी नव्हते. पोरानें एवढी प्रौढ रचना वाजवावी हें त्यांस पटेना. मुलाचें वाजविणें ऐकल्यावर त्यांनीं हट्ट सोडला. १९३२ सालीं, सोळाव्या वर्षीं, त्यानें वृद्ध एल्गार यांच्या संचालनाखालीं त्यांचाच कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केला. युद्धकाळांत त्यांनीं दोस्त सैनिकांसाठीं शेंकडों जलसे केले. १९४५ च्या जुलैंत, बर्गेन-बेल्सेनच्या छावणींतून सुटका होऊन तेथेंच राहिलेल्या माणसांपुढें त्यांनीं वाजविलें. पियानोवर बेंजामिन ब्रिटन होते. तेथें कोणाची कीर्ति मोठी, कोणाचा वृंद मोठा, हा हिशेब कोण करणार? मुंबईस आलेला वादक असा, राजवाड्यांत व छावणींत सारख्याच मनानें वाजविलेला होता.

अशा माणसास साध्या वृंदापुढें काय अडचण, असें वाटेल. अडचण असते. मोठ्या वृंदांबरोबर वाजविणारा वादक अंगवळणीं पडलेल्या कित्येक गोष्टींवर विसंबून असतो. त्यानें एखादा स्वर जरा लांबविला कीं बर्लिनचा वृंद न सांगतां थांबतो. हौशी वृंद थांबत नाहीं, किंवा अर्धा थांबतो आणि अर्धा पुढें जातो. अशा वेळीं वादकापुढें दोन मार्ग. एक म्हणजे आपल्याच मस्तींत वाजवून वृंदास मागें फरपटत नेणें. दुसरा म्हणजे आपली लहर जरा आवरणें, गज उचलण्याची खूण स्पष्ट करणें, श्वास मागच्यांस दिसेल असा घेणें, मान किंचित् वळवून चेलोवाल्याकडे पाहणें. दुसऱ्या मार्गानें जाणारा वादक आपलें थोडें गमावतो, आणि वृंद आपल्या योग्यतेपेक्षां चांगलें वाजवितो. वाजवून झाल्यावर त्या मंडळींस आपण इतकें कसें वाजविलें ह्याचें आश्चर्य वाटतें. हें बळ संचालकाच्या काडीनें येत नाहीं. शेजारीं कोणी अगदीं खरा स्वर लावीत असला कीं आपलें बोट आपोआप त्याकडे सरकतें. चर्चमध्यें एखादी खणखणीत सुरेल बाई बसली असली कीं तिच्या भोंवतालचीं दोन-तीन बाकें सुरांत गातात, हें कोणीही रविवारीं पाहावें.

आणि तरीही, कार्यक्रमाची संध्याकाळ हा ह्या गोष्टीचा लहानसा भाग होय. मोठा वादक येतो, तो बहुधा एक-दोन तालमींपुरता. त्याआधींचे कित्येक आठवडे वृंद त्याच्यावांचून तालीम करतो. कोणीतरी मूळ वादकाच्या जागीं उभें राहून त्याचा भाग वाजवितें, कधीं कोणी तो नुसता गुणगुणतें. दिवसाचें काम संपवून आलेलीं माणसें पुनःपुनः तीच आठ मात्रांची ओळ वाजवितात. प्रत येईल तशी, कांहीं हातानें उतरलेली. मुंबईच्या पावसाळ्यांत दमट हवेनें लांकूड फुगतें, खुंट्या अडकतात, तारा उतरतात. दर अर्ध्या तासानें पुनः स्वर जुळवावे लागतात. ह्या तालमी कोणी वर्तमानपत्रांत छापीत नाहीं.

मेहतांच्या ह्या तालमींतच त्यांचा वडील मुलगा झुबिन वाढला. सोळा वर्षांचा असतांना तो पूर्ण वृंदाच्या तालमी चालवूं लागला होता. जर थोर वादकांसाठींच संगीत असतें, आणि मुंबईचा वृंद कच्चा म्हणून कोणी उभाच केला नसता, तर ह्या मुलास काडी उगारावयास समोर पन्नास माणसें कोठून मिळतीं? १९५४ सालीं तो व्हिएन्नास शिकावयास गेला. तेथें संचालनाबरोबर तो डबल बास हें अवाढव्य, मागच्या बाजूचें वाद्यही शिकला. पुढें झुबिन मेहता कोण झाले तें सांगावयास नको.

येथें एक दुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे. मेहली मेहता स्वतः त्याच दशकांत मुंबई सोडून प्रथम इंग्लंडला व मग अमेरिकेस गेले, आणि त्यांच्यामागें तो वृंद टिकला नाहीं. गोमंतकीय वादकांस चित्रपटांनीं बांधून घेतलें. १९५८ सालीं अँथनी गोन्साल्विस ह्या मूळच्या माजोर्ड्याच्या व्हायोलिनवादकानें चित्रपटांतील वादक गोळा करून, सेंट झेव्हियर्स कॉलेजच्या आवारांत, लता मंगेशकर व मन्ना डे यांस घेऊन मोठा जलसा केला. तोही उपक्रम रुजला नाहीं. १९६२ सालीं 'बाँबे चेंबर ऑर्केस्ट्रा' निघाला. २००६ सालीं मुंबईच्या राष्ट्रीय संगीतनाट्य केंद्रांत 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' स्थापन झाला, आणि त्याचे पहिले संगीतसंचालक कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह. वृंद उत्तम, पण त्यांतील पुष्कळ खुर्च्यांवर आरंभापासून परदेशचे वादक बसवावे लागले. एवढ्या मोठ्या नगरींत ओबो वाजविणारा मिळूं नये, ह्याचें कारण थोर वादकांची उणीव हें नव्हे. चौथ्या रांगेंत बसणारा माणूस लहानपणीं कोणी तयार केला नाहीं, हें आहे.

मेहली मेहता यांनीं लॉस एंजेलिस येथें १९६४ सालीं पुनः एक वृंद काढला, तो तरुण विद्यार्थ्यांचा. 'अमेरिकन यूथ सिंफनी' ह्या नांवाच्या त्या वृंदाचें संचालन ते १९९८ पर्यंत, म्हणजे नव्वदीस टेंकेपर्यंत, करीत होते. २००२ सालीं ते वारले. त्यांच्या हाताखालून गेलेले कित्येक जण पुढें मोठमोठ्या वृंदांतून वाजवूं लागले. दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेंत, व्हायोलांच्या रांगेंत, जेथें नांव छापलें जातें पण कोणी वाचीत नाहीं.

आमच्या शाळेच्या कपाटांत तीन व्हायोलिनें आहेत. एकाची घोडी मोडली आहे, ती दिवाळीच्या सुटींत दुरुस्त करून आणावयाची आहे. दर शनिवारीं शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गांत तालीम असते. सध्यां पांच मुलें व दोन मुली येतात, व्हायोलिनें पाळीपाळीनें वापरतात. ज्यांची पाळी नसेल तीं टाळी देऊन मात्रा मोजतात. ज्या पालकांनीं तो प्रश्न विचारला, त्यांनीं एखाद्या शनिवारीं येऊन मागच्या बाकावर बसावें. चिरंजीवांस आधीं सांगूं नये, नाहींतर ते घाई करतात.